माहेरच्या नावावरचा रिपोर्ट

अर्नाळ्यात मला मथुरा म्हणून ओळखणारं कोणी नाही. इथे मी वनिता. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने हे नाव लिहिलं, सासूने पेढे वाटले आणि माहेरची, वसईजवळच्या पाचूबंदरची मथुरा पाचूबंदरलाच राहिली. पुढे पंचवीस वर्षं बालवाडी चालवली, तेव्हा वनिताही मागे पडली. लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. नवरासुद्धा चारचौघांत "आमच्या बाई" म्हणतो, चेष्टेने.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आजारपणात आजारापेक्षा नावांचाच घोळ जास्त झाला. आजार तसा मोठा झालाच नाही, होता होता राहिला. तो कसा राहिला, हे "मला काय धाड भरलीय" म्हणत पदर खोचून फिरणाऱ्या माझ्यासारख्या बायांनी वाचावं म्हणून लिहितेय. डॉक्टरी माहिती माझ्याकडे मागू नका. ती डॉक्टरांकडे असते, आणि विचारली तर ते सांगतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

"माझं झालंय"

आमच्याकडे शाळेत शिबिर होतं. बाहेरच्या वर्गात ब्लड प्रेशर आणि डोळे, आतल्या वर्गात पडदा लावून बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. आरोग्य केंद्राची आशाताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं तर बाया येतील."

सांगायला मला काय जातंय? बालवाडीत ज्यांची नाकं मी पुसली, त्या पोरी आता दोन दोन लेकरांच्या आया झाल्यात, पण अजून माझा आवाज चढला की हातातलं खाली ठेवतात. घरोघरी फिरले. दोन मिनिटांचं काम आहे, डॉक्टर बाईच आहे, लाजायचं काय त्यात, असं दटावत तीसेक जणी रांगेत उभ्या केल्या. प्रत्येकीने घरी सांगितलं होतं, डोळे तपासायला चाललेय. त्या दिवशी निम्म्या अर्नाळ्याची नजर अधू झाली होती.

रांगेत शेवटी बेबी होती, माझ्या बालवाडीतल्या पहिल्या वर्षाची मुलगी. तिने हळूच विचारलं, "बाई, तुमचं झालं? दुखतं का हो?"

"माझं झालंय," मी म्हटलं. "मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही."

धडधडीत खोटं. बेबी आत गेली, पाच मिनिटांनी हसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या तसंच." सगळ्या रांगेला शहाणपण शिकवलं आणि स्वतः डबा उचलून घरी गेले.

का गेले नाही? त्या पोरींनी बाईला पाय वर करून टेबलावर चढताना बघावं, ही कल्पनाच सहन होईना. लोकांना सांगायला हे कारण बरं आहे. खरं कारण त्याच्या खाली होतं. ते म्हणजे माझी आई.

मांडववाल्याचा पडदा

आठ दिवसांनी तसंच शिबिर पाचूबंदरला आहे असं कानावर आलं. भाऊ घर विकून केव्हाच नायगावला फ्लॅटमध्ये गेलेला, त्यामुळे तिथे माझं ओळखीचं असं घर उरलं नव्हतं. मला तेच हवं होतं. नवऱ्याला सांगितलं, वसईला चष्म्याचा नंबर काढून येते. डोळ्यांचं कारण आता मलाही पाठ झालं होतं.

समाजाच्या हॉलमध्ये पडदा कुठून आणायचा, म्हणून मांडववाल्याकडून आणला होता. लाल मखमली, खाली सोनेरी झालर. टेबलाशी बसलेल्या मनीषा नावाच्या आशाताईने विचारलं, "नाव?"

तोंडून निघालं, "मथुरा हरिश्चंद्र कोळी."

ठरवून बोलले नव्हते. पण मग पुढचंही तसंच सांगत गेले. पत्ता सांगितला पाचूबंदरचा, विकलेल्या घराचा. मोबाईल नंबर दिला भावाचा जुना, जो बंद पडून चार वर्षं झाली होती. नंबर बंद आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितले. वनिताबाईंचं नाव असल्या वहीत नको, एवढंच डोक्यात होतं. शिवाय खरं सांगते, त्या पडद्यामागे जायची वनिताची हिंमत नव्हती. मथुरा मात्र धीट होती. ती धक्क्यावरून भरतीच्या पाण्यात उड्या मारायची.

आत डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने "ताई, श्वास सोडा, पाय सैल सोडा" म्हटलं आणि काय करतेय ते एकेक सांगत राहिली. थंडगार लागलं, थोडं ओढल्यासारखं झालं, आणि संपलंसुद्धा. मी बेबीला मारलेली थाप खरी निघाली. पडद्याबाहेर दोन म्हाताऱ्या यंदाचे बोंबील किती बारीक निघाले यावर वाद घालत होत्या. तो आवाज, तो हेल कितीतरी वर्षांनी कानावर पडत होता. मी साडी नीट केली आणि मला रडू फुटलं.

"दुखलं का?" डॉक्टरने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच असतं का हे?"

ती हसून म्हणाली, एवढंच. मला राग आला. तिचा नाही. एवढंच असतं आणि तेवढंच माझ्या आईचं झालं नव्हतं, याचा.

आडोसा

माझी आई हिरा आणि शेजारची जानकीमावशी, दोघी टोपल्या डोक्यावर घेऊन पापडीला मासे विकायला जायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही मागे. वसईची वस्ती मागे टाकली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागायच्या, पाटाचं पाणी खेळत असायचं, आणि पापडीच्या चर्चची घंटा ऐकली की आई पाय उचलायची, कारण मिसा सुटल्यावर गिऱ्हाईक असायचं. तिथल्या बागायतदार बाया आईला हिराबाय म्हणायच्या. माशांबरोबर गप्पा घ्यायच्या आणि परतताना टोपलीत वेलची केळ्यांची फणी, चार विड्याची पानं, नाताळ असला तर पुडीत बांधलेला फराळ ठेवायच्या. आमच्या टोपलीत जाताना खारा वास आणि येताना केळ्यांचा. तो मिसळलेला वास मला अजून कधी कधी उगाचच येतो, आणि आला की मी हातातलं काम थांबवते.

मावशी वाटभर चेष्टा करायची. आई गालात हसायची. ती कमी बोलायची, पण मला हाक मारायची ती लांबवर जाईल अशी, "मथूऊ" करून. त्या हाकेला ओ द्यायला मी कुठूनही धावत यायचे.

वाटेत एक चिंचेचं झाड होतं. मी दहा-बारा वर्षांची झाले तेव्हापासून आई त्या झाडाशी थांबायला लागली. दोन्ही हात कमरेवर ठेवायची, तोंड पांढरं पडायचं. जानकीमावशी काही विचारायची नाही. आपली टोपली उतरवायची, पदर सोडून दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. आई त्या आडोशामागे जायची. मला मावशी सांगायची, "मथू, जा बग, पुढं कुत्रा हाय का."

मी बघून यायचे. कुत्रा कधीच नसायचा.

घरी आईची धुणी वेगळी वाळायची, दुसऱ्या कपड्यांच्या खाली झाकून. बायका एकमेकींत बोलायच्या, हिराला उष्णता झालीय. मग सब्जा भिजवून दे, गुलकंद दे. चार वर्षं तिची उष्णताच चालली होती. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. अखेर ती धक्क्यावर चक्कर येऊन पडली, तेव्हा वडिलांनी तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. वडील आत आले ते मला म्हणाले, "आईला काय काय आवडतं ते करून घाल." मी सोळा वर्षांची होते. सहा महिन्यांत आई गेली.

म्हणून त्या टेबलाची मला भीती होती. आईचं जे निघालं तेच माझं निघेल, आणि न बघितलं तर निघणार नाही. मुलांना डोळे मिटून लपायचा खेळ मीच शिकवायचे, आणि स्वतःही तोच खेळत होते.

जलराणीवाल्यांकडे

रिपोर्ट तीन आठवड्यांत कळेल म्हणाले होते. फोन आला नाही. येणार कुठून? पण माणसाचं मन किती लबाड असतं बघा. बंद नंबर मीच दिला होता आणि फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मीच स्वतःला समजावत होते. महिना गेला, दुसरा गेला. मी पापड लाटले, मुलीकडे पुण्याला जाऊन आले, विसरूनही गेले.

चौथ्या महिन्यात, भर दुपारी, मी ओट्यावर सुकवलेले सोडे निवडत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी लोकांना काहीतरी विचारत येताना दिसली. वाकलेली, हातात पिशवी, नऊवारी चापूनचोपून नेसलेली. समोर येऊन तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि हाक मारली, "मथूऊ."

अर्नाळ्यात ती हाक पहिल्यांदा ऐकू आली. माझ्या हातातलं सूप खाली गेलं. जानकीमावशी होती. शहात्तर वर्षांची, वसईहून एसटीने निर्मळ, आगाशी करत एकटी आलेली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने मला आत नेलं, दार लोटलं आणि चोळीतून चार घड्या केलेला कागद काढला. घामाने ओला झाला होता.

"मना वाचता येत नाय," ती म्हणाली. "तूच वाच. पन आधी बस."

झालं होतं असं. मनीषा हा कागद घेऊन तीन महिने पाचूबंदरात मथुरा हरिश्चंद्र कोळी शोधत होती. पाचूबंदरात निम्मं गाव कोळी आडनावाचं, त्यामुळे तिला गावभर फिरावं लागलं. एक मथुरा वारलेली निघाली, एक पाचवीत शिकणारी. पत्त्यावरच्या घरात नवी माणसं. नव्या सुनांना मी कोण ते कुठून माहीत असणार? म्हाताऱ्यांना कोणी विचारलंच नाही. शेवटी एक दिवस मनीषा उन्हातून येऊन मावशीच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकली आणि कंटाळून म्हणाली, या मथुराबाईने माझा जीव खाल्ला.

"मी बोलली, हरिश्चंद्राची मथू? ती हिराची पोर. ती अर्नाल्याला दिली."

"मग तिलाच पाठवायचीस ना पत्ता देऊन. एवढ्या उन्हात तू कशाला आलीस?"

"ती सरकारी बाय. तुज्या घरी चार मान्सांपुढं वाचून दाखवील. तुजं नाव माहेरचं लावलंस, म्हंजे तुला झाकायचं होतं. येवढं मना कलतं."

"आणि घर कसं सापडलं? माझं इथलं नाव तुला ठाऊक नाही."

"मानसाचं नाव बदललं, बोटीचं थोडंच बदलतं?" मावशी म्हणाली. "तुज्या वराडात बोटीला पताका लावलेल्या. जलरानी. उतरली आनि इचारलं, जलरानीवाले कुठं ऱ्हातान."

जलराणी विकून बारा वर्षं झाली. तरी गल्लीतल्या पहिल्याच माणसाने तिला आमचं घर दाखवलं.

मी कागद उघडला. पेशींमध्ये बदल दिसतोय, पुढच्या तपासणीसाठी ताबडतोब यावं, असं लिहिलं होतं. ताबडतोब या शब्दाखाली पेनाने रेघ, आणि तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

मावशीला एसटीत बसवायला गेले तेव्हा ती गाडीकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "हिराला मी किती वेला आडोसा धरला. तिनं शपत घातलेली, कुनाला बोलू नको. मी बोलली नाय. ती शपत मोडाया होवी होती गं मथू. पदर धरन्यापरीस तिला दवाखान्यात नेली असती तर." गाडी लागली. चढताना तिने माझा दंड घट्ट पकडला. "तू जाशील. बोल, जाशील."

मी म्हटलं, जाईन.

लग्नपत्रिका

नवऱ्याला सांगायला मला दोन दिवस लागले. त्याचं नाव यशवंत. बोट विकल्यापासून जाळी विणून देतो, बोलतो कमी. कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, दोनदा वाचला, आणि विचारलं ते वेगळंच.

"माझं नाव का नाही लावलंस?"

मी थक्क झाले. मला कॅन्सर होतोय की काय या भीतीने माझी झोप उडालेली, आणि याला नावाचं पडलंय. मी तसं तोंडावर बोललेही, वर आणखी चार शब्द ऐकवले. तो उठून जाळ्याशी जाऊन बसला. दोन दिवस आमच्यात फक्त "जेवण वाढलंय" आणि "हूं" एवढंच संभाषण. पुण्याहून मुलगी फोनवर विचारायची, आई, आवाज असा का? मी म्हणायचे, सर्दी. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की सर्दीची शिंकही खोटी काढली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथे खिडकीवरच्या माणसाने अडवलं. रिपोर्ट मथुरा हरिश्चंद्र कोळीचा, आधार कार्ड वनिता यशवंतचं. "या दोन बायका वेगळ्या आहेत," तो म्हणाला. "एकच आहेत याला पुरावा काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यशवंतने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात बोटीचे जुने कागद तो जपून ठेवतो तसा एक कागद होता. आमची लग्नपत्रिका. कडा झिजलेल्या, हळदीचा डाग अजून पिवळा. चि. सौ. कां. मथुरा, आणि खाली त्याचं नाव. पस्तीस वर्षं ही याने कुठे ठेवली होती, मला ठाऊक नव्हतं.

"ही मथुरा," त्याने पत्रिकेवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ही ती. नाव मी बदललं. चूक असेल तर माझी."

पत्रिका पुरावा म्हणून चालते की नाही देव जाणे. त्या माणसाने ती उलटसुलट पाहिली, डॉक्टरांना विचारायला आत गेला, आणि बाहेर येऊन म्हणाला, मॅडम म्हणतात पेशंटला आत पाठवा, कागद मागून बघू. मी पुढे झाले. यशवंत मागून म्हणाला, "मथुरा, हातातली पिशवी माझ्याकडे दे." एवढंच. मी पिशवी दिली आणि वळून पाहिलं नाही, कारण बघितलं असतं तर तिथेच रडत बसले असते.

बांगड्या

पुढचं थोडक्यात सांगते. दुर्बिणीतून बघितलं, बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट. या दिवसांत मी कपाटं आवरली, मुलीसाठी ठेवलेली नथ कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहिलं, यशवंतला वरणाला फोडणी द्यायला शिकवलं. त्याने ती दोनदा जाळली. मी ओरडले, तो हसला, आणि मी जळलेली कढई घासायला घेतली. मी त्याला म्हटलं, मला भीती वाटते. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याला पहिल्यांदा बोलले. तो म्हणाला, मलापण. त्यानंतर जरा सोपं गेलं.

मुलीलाही त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. ती चिडली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात.

डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर झालेला नाही, पण त्या वाटेवर आहे. तेवढाच भाग काढून टाकला की बहुतेक प्रश्न मिटेल. अजून एक-दोन वर्षं अशीच काढली असती तर मात्र वेगळं बोलावं लागलं असतं. मी विचारलं, माझ्या आईचं असंच असेल का? त्या म्हणाल्या, आता सांगता येणार नाही, पण असू शकतं. मग थांबून म्हणाल्या, "त्यांना कोणी तपासायला पाठवलं नाही, तुम्हाला पाठवलं."

ऑपरेशनच्या दिवशी हातातलं सगळं काढायला सांगितलं. काचेच्या बांगड्या निघेनात. मला त्या फोडायच्या नव्हत्या. तसली अंधश्रद्धा मी बालवाडीत कुणाला शिकवली नाही, पण त्या दिवशी नको वाटलं. वॉर्डातल्या आयाबाईने पट्टीचा गुंडाळा आणला आणि दोन्ही मनगटांवर बांगड्यांवरून गुंडाळून टाकला. "राहू दे गं बाय, त्यांना काय लागतंय," म्हणाली. तिचं नाव मी विचारायला हवं होतं. संध्याकाळी घरी सोडलं. चार दिवस पोटात ओढ होती, महिनाभर जड उचलायचं नाही म्हणाले. यशवंतने पाण्याची कळशीच काय, सोडे निवडायचं सूपही मला उचलू दिलं नाही. फोडणी आता त्याला बरी जमते.

सहा सहा महिन्यांनी तपासायला जाते. दोन वेळा चांगलं निघालं. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी भीती वाटते. ती वाटायचीच, भीतीसकट जायचं.

ऑपरेशननंतर बरं वाटल्यावर बेबीला घरी बोलावून सांगितलं, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. ती म्हणाली, "माहीत होतं बाई. तुम्ही खोटं बोलताना कपाळाला हात लावता. बालवाडीतपण लावायच्या."

मावशीचा फॉर्म

आता पाचूबंदरला शिबिर असलं की मनीषा मला नाव लिहायच्या टेबलावर बसवते. माझी तिथली पद्धत ठरलेली आहे. सासरचं नाव विचारते, मग माहेरचं, आणि बोट असेल तर बोटीचं. तिन्ही लिहिते. मोबाईल नंबर सांगितला की तिथल्या तिथे लावून बघते. घंटी वाजली तरच पुढे. दोघीतिघी तरी दर वेळी सापडतात, ज्यांचा नंबर बंद असतो. त्या ओशाळतात. मी रागावत नाही. कुठल्या तोंडाने रागावू?

गेल्या वेळी दुपारी गर्दी ओसरल्यावर जानकीमावशी काठी टेकत आली. मला वाटलं मला भेटायला. ती खुर्चीत बसली, पदराने तोंड पुसलं.

"मथू, माजं पन लिव."

"डोळ्यांचं?"

"डोल्यांचं नाय." ती पडद्याकडे बघत होती. मांडववाल्याचाच तो लाल पडदा, झालर आता एका बाजूने सुटलेली.

मी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"शिमग्यापासून. थोरं थोरं रगत जातं."

शिमगा होऊन सात महिने झाले होते. मला इतका राग आला की कान तापले. माझा कागद चोळीत घालून अर्नाळ्यापर्यंत आली, आणि स्वतःचं सात महिने पदराखाली. "शपथ मोडायला हवी होती म्हणत होतीस ना?" मी म्हटलं. "मग?"

"म्हनून तर आली," मावशी म्हणाली.

मी फॉर्म पुढे ओढला. पेन उचललं. जानकी लिहिलं. माहेरचं नाव विचारलं, तर ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "बारकी बोलायचे." तेही लिहिलं. मोबाईल तिच्याकडे नाही. त्या रकान्यात मी माझा नंबर घातला आणि दहाही आकडे पुन्हा मोजून बघितले. हे लिहितेय तोवर तिचा रिपोर्ट आलेला नाही. आला की माझा फोन वाजेल.

मनीषा तिला धरून आत घेऊन गेली. सुटलेल्या झालरीपाशी पडद्याला फट पडत होती. हॉलच्या दारात दोन-चार पुरुष ब्लड प्रेशरसाठी उभे होते. मी टेबलावरून उठले, त्या फटीपुढे जाऊन उभी राहिले, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. रांगेतल्या एका बाईची लहान मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. तिला म्हटलं, जा, दारात कुत्रा आहे का बघून ये.

आतून डॉक्टरचा आवाज आला, आजी, श्वास सोडा. आणि मग मावशीचा, एकदम बारीक.

"मथू, हाईस ना गं?"

"हाय," मी म्हटलं.